दोन चापांची रायफल

आमच्या स्टाफरूममधली तसबीर सरळ आहे की वाकडी, यावर कधी वाद झाला नाही. अहिरेबाई दारात थांबायच्या, डावा डोळा मिटायच्या आणि म्हणायच्या, "दोन सूत उजवीकडं." की शिपाई स्टूल आणायला पळायचा. नवीन आलेल्या मुख्याध्यापकांना हे खरं वाटेना. त्यांनी एका गवंड्याची पाणसळ मागवून तसबिरीवर ठेवली. दोन सूतच होतं. त्यानंतर त्यांनीही कधी विचारलं नाही.

नाशिक रोडच्या त्या शाळेत बाई गणित शिकवायच्या आणि मी मराठी. वयानं माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, सुती साडीखाली बारा महिने कॅनव्हासचे बूट. डब्यात बाजरीची नाहीतर नागलीची भाकरी आणि एक अख्खा कांदा. तो कांदा त्या टेबलावर ठेवून बुक्कीनं फोडायच्या. सुरीनं कापलेला कांदा म्हणजे त्यांच्या मते आजारी माणसाचं जेवण. माहेर कळवणकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. वर्गात मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं, पण राग आला किंवा माया आली की तोंडात अहिराणी. "आठे ये," असं म्हणून त्यांनी एखाद्या पोराला जवळ बोलावलं की आता कान पिळला जाणार की डोक्यावरून हात फिरणार, हे त्या पोराला शेवटपर्यंत कळायचं नाही.

फळ्यावर पहिली ओळ लिहिण्याआधी त्या अर्धा श्वास सोडून क्षणभर थांबायच्या. मुलं मधल्या सुट्टीत त्याची नक्कल करायची. मलाही ती एक लकब वाटायची. तिचा उगम कळला तो नवरात्रात कालिकेच्या यात्रेत.

आम्ही चौघी शिक्षिका गेलो होतो. फुगे फोडायच्या दुकानापाशी बाई थांबल्या. छऱ्याची बंदूक हातात घेतली, पदर खोचला आणि पहिला छरा फुग्यांवर न मारता फळीच्या कोपऱ्यातल्या एका खिळ्याच्या दिशेनं मारला. तो कुठं लागला ते नीट बघितलं. मग तो अर्धा श्वास, तो थांबा, आणि एकापाठोपाठ एक नऊ फुगे. दुकानदार बघत राहिला.

"तुझी बंदूक डावीकडं ओढते रे."

"ताई, ती सगळ्यांनाच ओढते," तो पडेल आवाजात म्हणाला.

"राहू दे तशीच. सरळ केलीस तर तुझा धंदा बसेल."

परतताना रिक्षात मी खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांकडे पीकराखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. मक्याला डुकरं लागायची. थोरली लेक म्हणून अकराव्या वर्षापासून बाई वडिलांबरोबर शेतातल्या माळ्यावर बसायच्या. बंदुकीच्या तोंडातून मापानं दारू ओतायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी, ती लांब गजानं तळापर्यंत ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, की एक बार. एकच. दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"डुकराला मारायचं नाही, नुसता आवाज करायचा, असं बापानं बजावलं होतं. पण मला नेमाची हौस. मी दिवसा बांधावरच्या भोपळ्यावर नेम धरायचे. शंभर बार काढले असतील. लागले तीन. बाप म्हणायचा, 'तुना हात हालस.' तुझा हात हलतो."

"हलायचा?"

"तेच तर कळत नाही ना, शैला. ती नळी आतून गुळगुळीत होती. गुळगुळीत नळीतली गोळी कुठं जाईल ते तिचं तिला ठाऊक. रायफलीच्या नळीत आटे कोरलेले असतात, गोळी फिरत सरळ जाते. आमच्या त्या बंदुकीत चूक माझ्या हाताची किती आणि नळीची किती, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही."

वडील गेल्यावर भावांनी ती बंदूक सरकारजमा केली. कुणालाच नको होती. बाईंनी संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा त्या नववीचे पेपर तपासत होत्या. "सही करून पुढचा पेपर उचलला," एवढंच त्या म्हणाल्या.

निवृत्तीच्या समारंभात पुढे काय करणार, असं कुणीतरी विचारलं. नातवंडं नव्हती, मूलही नव्हतं. सगळ्यांना वाटलं, तीर्थयात्रा म्हणतील. बाई माइकवर म्हणाल्या, "आटे असलेली ठासणीची रायफल घेणार आणि कागदावर नेम मारणार." हॉलमध्ये एकच हशा पिकला. एकटे अहिरेसर हसले नाहीत. पहिल्या रांगेत बसून त्यांनी नुसती मान डोलावली, जणू ही गोष्ट घरात कधीच ठरली होती.

अहिरेसर म्हणजे बाईंचे यजमान. आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना लेथ शिकवत आयुष्य गेलेलं. बोलणं कमी. सगळं गाव बाईंना 'बाई' म्हणायचं म्हणून तेही 'बाई'च म्हणायचे. "बाई, चहा झालाय." "बाई, गॅस बंद केलात का?" लग्नाआधी त्यांनी बाईंना काय म्हटलं असेल याची मी पुष्कळ कल्पना करून पाहिली, जमली नाही.

परवान्यासाठी बाईंनी अर्ज केला. चौकशीला एक पोलीस हवालदार घरी आले. मी तिथेच होते. त्यांनी चहा घेतला, कागद उलटसुलट केले आणि संकोचून विचारलं, "मॅडम, या वयात बंदूक कशाला? कुणापासून धोका वगैरे?"

"नाही."

"मग मारायचं कुणाला?"

"कागदाला," बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन वहीच्या पानावर कंपासनं काढलेली वर्तुळं घेऊन आल्या. मधल्या ठिपक्यावर बोट ठेवून त्यांना एक ते दहा गुण कसे मोजतात ते समजावून सांगितलं. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, "बाई, गणित असं कुणी शिकवलं असतं तर मी पोलिसात नसतो."

परवाना यायला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात बाईंनी दोन गोष्टी केल्या. आडगावच्या पलीकडे द्राक्षबागांमागे एक लहानशी रेंज आहे, तिथं दर शनिवारी जाऊन क्लबच्या एअर रायफलीवर हात बसवला. आणि जुन्या नाशकातल्या तैयबभाईंच्या दुकानाच्या चकरा मारल्या. मी दोन्हीकडे सोबतीला. माझं काम थर्मास धरण्याचं आणि टॉर्च मारण्याचं.

तैयबभाई हे परवान्याच्या बंदुकांचे तिसऱ्या पिढीतले व्यापारी. पांढरी दाढी, सोनेरी किनारीची टोपी. ठासणीच्या, आटे असलेल्या रायफली त्यांच्याकडे दोनच होत्या. एक लांब, आठ पैलूंची नळी, अक्रोडाचा दस्ता, उचलताना मनगट वाकावं इतकी जड. दुसरी आखूड आणि हलकी, आणि तिला एकाऐवजी दोन चाप.

"बाई, ही घ्या," त्यांनी आखूड पुढे केली. "लेडीजसाठी एकदम फर्स्टक्लास. हलकी."

"हलकी बंदूक श्वासाबरोबर हलते," बाई म्हणाल्या. "उभ्यानं नेम धरायचा तर वजन पुढं पाहिजे. आणि दोन चाप कशाला? मला एक पुरतो."

त्यांनी रायफल कशी तपासली ते सांगायला हवं. आधी गज नळीत सोडून बाहेर बोटानं खूण केली, मग तोच गज नळीला बाहेरून लावला. तळापर्यंत जातो म्हणजे आत जुना बार अडकलेला नाही. मग नळीत दोऱ्यानं एक बारीक दिवा सोडला आणि एक डोळा मिटून आतले आटे बघितले. चिंधी घालून गंज आहे का पाहिलं. मग गजाला घट्ट चिंधी बांधून तो हळूहळू आत ढकलला. आटे गजाला फिरवत नेत होते. पूर्ण एक वेढा व्हायला किती इंच लागतात ते त्यांनी पट्टीनं मोजलं. "गोल गोळीला सैल वेढा लागतो. घट्ट वेढ्यात ती आट्यांवरून घसरते." शेवटी दस्ता कोपराच्या खळगीत धरून बोटाचं पेर चापापर्यंत पोचतं का ते बघितलं.

एवढं झाल्यावर लांब रायफल खांद्याला लावून त्या उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "साठ मोज." मी साठ आकडे मोजले. नळीचं टोक जागचं हललं नाही. तैयबभाईंनी दुकानात आलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला हातानंच गप्प बसवलं होतं.

"हीच," बाई म्हणाल्या. "परवाना आला की नेते. तोवर तेल देत जा तिला."

दर महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही जायचो. बाई रायफल घ्यायच्या, मी साठ मोजायचे, रायफल परत कपाटात. आपल्या मुलीला वसतिगृहात भेटायला जावं तसं.

थर्मासचं झाकण उघडत नाही, अशी पहिली तक्रार रेंजवर झाली. बाई म्हणाल्या, "तू फार घट्ट लावतेस." मग एकदा सपाट जमिनीवर बूट अडखळला. कांदा बुक्कीनं फुटेना झाला, तेव्हा त्या कांद्यालाच नावं ठेवू लागल्या. आणि परवाना हातात पडला त्याच आठवड्यात आम्ही तिघं, बाई, सर आणि मी, तैयबभाईंकडे गेलो. बाईंनी लांब रायफल खांद्याला लावली. मी मोजू लागले. बावीसला नळीचं टोक खाली आलं. त्यांनी पुन्हा उचललं. एकोणीसला आलं.

बाईंनी रायफल काउंटरवर ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "तैयबभाई, हिचं वजन वाढलं का हो?"

तैयबभाई हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या दीड महिन्यात तपासण्या झाल्या. मोटर न्यूरॉनचा आजार. एकेक स्नायू हुकूम पाळायचं सोडतो. आधी हात-पाय, मग जीभ, गिळणं, श्वास. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. औषध असं नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा बाईंनी एकच प्रश्न विचारला, "वेग काय असतो?" डॉक्टर म्हणाले, माणसागणिक वेगळा. बाई म्हणाल्या, "मग मोजावा लागेल."

आणि त्यांनी खरंच मोजला. दर सोमवारी सकाळी पाण्यानं भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा, सरांनी घड्याळ बघायचं. आकडे आलेखाच्या कागदावर टिंबांनी मांडायचे. ती टिंबं जोडून जी रेघ झाली ती बघायला मला धीर होईना. बाईंनी मात्र पट्टी लावून ती पुढे वाढवली. मुलांना शिकवायच्या तशी, तुटक तुटक.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या म्हणाल्या, "चला, रायफल घ्यायची." आम्ही पुन्हा तिघं गेलो. सरांनी तैयबभाईंना सांगितलं, "लांबची काढा."

"आखूड काढा," बाई म्हणाल्या. "दोन चापांची."

मी सरांना आवाज चढवताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "बाई, तुम्ही लांबची निवडलीय. दीड वर्ष तीच बघतोय आपण. मी स्टँड करून देतो तिला. लोखंडी. हलणार नाही."

"स्टँडवर ठेवली तरी तिचा चाप ओढायला बोटात जोर लागतो. तो किती दिवस आहे?"

"डॉक्टरांना सगळं कळतं असं नाही. तुम्ही बऱ्या होणार आहात."

"अहो," बाई अगदी हळू म्हणाल्या, "जन्मभर पोरांना लेथ शिकवलात. माप घेताना कधी त्या लोखंडाचे लाड केलेत का?"

सर दुकानाबाहेर गेले आणि समोरच्या पानाच्या टपरीपाशी पाठ करून उभे राहिले. ते पान खात नाहीत. तैयबभाई आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागले.

"शैला, टॉर्च धर."

मी धरला. बाईंनी आखूड रायफलीची नळी तशीच सगळी तपासली, फक्त गज ढकलायचं काम मला सांगितलं. मग तैयबभाईंनी टोपीवर पडणाऱ्या घोड्याखाली चामड्याचा तुकडा ठेवला आणि चाप दाखवले. मागचा ओढला की टक् असा बारीक आवाज होतो. त्यानंतर पुढच्याला नुसतं बोट टेकलं की घोडा पडतो. बाईंनी तर्जनीनं करून बघितलं. मग मधल्या बोटानं. मग करंगळीनं, डाव्या हाताच्या, जिच्यात तेव्हाच जवळजवळ काही उरलं नव्हतं. घोडा पडला.

"हीच," त्या म्हणाल्या.

"बाई, आज तुम्हाला लांबवाली पण चालेल," तैयबभाई चाचरत म्हणाले. "टेबलवर ठेवून."

"आजच्या हाताला नाही घ्यायची, तैयबभाई. कागद होईपर्यंत, हातात येईपर्यंत पाऊस संपेल. पाऊस संपल्यावरच्या हाताला घ्यायची."

दुकानाच्या पायरीवर त्यांचा पाय उचलेना. सर टपरीवरून आले, दंड पुढे केला. बाईंनी धरला.

"रागावलात?"

"नाही," सर म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "माप बरोबर आहे तुमचं."

गणपती उठल्यावर रायफल घरी आली. आठ दिवसही झाले नसतील, निवडणूक जाहीर झाली. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. नियम सगळ्यांना सारखा. सर सूट मिळावी म्हणून अर्ज घेऊन गेले. तिथला अधिकारी चांगला होता, त्यानं बसवून घेतलं, पाणी दिलं. त्याच्या हातात काही नव्हतं. "काका, मतमोजणी झाली की लगेच घेऊन जा." सरांनी रायफल जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून रिक्षानं नेऊन दिली आणि पावती आणून बाईंच्या उशाशी ठेवली.

तिकडे रायफल ठाण्यात, इकडे सोमवारचा तांब्या. आधी अर्धा भरून. मग रिकामा. मग बाई म्हणाल्या, "आता नको," आणि तो आलेखाचा कागद सरांनी कपाटात ठेवून दिला. व्हीलचेअर आली. बोलणं नाकातून येऊ लागलं. ते सरांना समजायचं आणि, कान लावला तर, मला.

डिसेंबरात रायफल परत मिळाली तेव्हा बाईंचा खांदा उचलत नव्हता, कोपर वाकत नव्हतं. उजव्या तर्जनीचं पुढचं पेर तेवढं हलत होतं.

रेंजवाल्यांनी आमच्यासाठी बुधवारची सकाळ मोकळी ठेवली. थंडी होती, बागांवर धुकं होतं. सरांनी व्हीलचेअरच्या उंचीचं टेबल बनवून नेलं होतं, त्यावर वाळूच्या पिशव्या. समोर पन्नास मीटरवर कागद. बार भरायचं काम सरांचं, कारण भरायला हात नव्हते. बाई खुर्चीतून एकेक शब्द सांगत होत्या.

"दारू. मापून... चिंधी... गोळी... ठासा. बसली?"

"बसली."

"टोपी नको अजून. गज?"

सर चपापले. गज नळीतच राहिला होता. त्यांनी तो बाहेर काढला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "चांगली गोष्ट," बाई म्हणाल्या, "गजच उडवला असतात कागदावर."

दस्ता खांद्याशी टॉवेलनं बसवला. गाल लाकडावर टेकवून दिला. सरांनी पिशव्या सरकवल्या, बाई "वर", "पुरे", "डावीकडं केसभर" सांगत गेल्या. मागचा चाप सरांनी लावला. टक् झालं. मग त्यांनी बाईंचं बोट उचलून पुढच्या चापाशेजारी ठेवलं आणि आपला हात मागं घेतला. चाप त्याच ओढणार होत्या.

मोठा आवाज झाला, पांढऱ्या धुराचा ढग समोर उभा राहिला. मी दुर्बिणीला डोळा लावून होते.

"कुठं?"

"खाली, डावीकडं. वर्तुळाच्या बाहेर," मी घाबरत सांगितलं.

बाई विचार करत होत्या. मग चेहरा उजळला. "तो माझा. श्वास सुटला माझा." चूक आपली आहे याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

दुसरा बार. पुन्हा दारू, चिंधी, गोळी, गज. या वेळी काळ्या ठिपक्यात, जरा वर. तिसरा त्याच भोकाला चिकटून, की दोन मिळून एकच भोक दिसावं. मी ओरडलेच. सरांनी कागद काढून आणला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला. त्या बराच वेळ बघत होत्या.

"म्हणजे नळीच होती," त्या म्हणाल्या. मला नीट ऐकू आलं नाही म्हणून मी वाकले. "भोपळ्याचं म्हणतेय. माझा हात नव्हता हलत. बापाले सांगाले पायजे व्हतं."

मी तोंड फिरवलं. बाईंनी डोळ्यांनी सरांना खूण केली. "आता तुम्ही."

सरांनी जन्मात बंदूक उडवली नव्हती. ते नको नको म्हणत टेबलाशी बसले. आखूड दस्ता त्यांच्या खांद्याला भलताच तोकडा पडत होता. बाई मागून शिकवत होत्या, नळीच्या टोकाची माशी मागच्या खाचेत धरा, श्वास अर्धा सोडा, थांबा. सर थांबले ते थांबलेच.

"काय झालं?"

"काही नाही."

"डोळे पुसा आधी," बाई म्हणाल्या. "अशानं माशी दिसत नसते."

सरांनी बाहीला डोळे पुसले आणि चाप ओढला. गोळी कागदाला लागलीच नाही. मागच्या मातीच्या बांधातून ढेकूळ उडालं. बाई हसल्या. श्वास पुरत नव्हता तरी हसत राहिल्या. त्यानंतर मी त्यांचं हसणं ऐकलं नाही.

चैत्रात त्या गेल्या. पहाटे झोपेतच, सर शेजारी असताना. रायफल नियमाप्रमाणे दुकानात जमा करावी लागली. पुढे सिन्नरकडच्या कुणीतरी रीतसर परवान्यावर घेतली असं तैयबभाई म्हणाले. सरांना बरं वाटलं. पडून राहिली की नळीला गंज चढतो, असं बाईच म्हणायच्या.

मला त्यांची जी शेवटची भेट आठवते ती त्याआधी दहा-बारा दिवसांची, संध्याकाळची. जीभ पूर्ण थांबली होती. सरांनी एका पुठ्ठ्यावर बाराखडी लिहून तक्ता केला होता. ते बोट एकेका ओळीवरून फिरवायचे, हवी ती ओळ आली की बाई डोळे वर करायच्या, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. एक शब्द व्हायला पाच मिनिटं लागायची. मी निघणार होते, एवढ्यात बाईंनी माझ्याकडे आणि मग तक्त्याकडे पाहिलं. सर तक्ता घेऊन बसले.

"शै... ला," सर म्हणाले. "शैला. हं, पुढे. र. वि. वा. री. रविवारी." त्यांना खात्री होती की मला काहीतरी आणायला सांगायचं असणार. "रविवारी काय, बाई? यां. ना. यांना..."

सरांचं बोट चालत राहिलं. "जे. वा. य. ला. जेवायला." पुढचं अक्षर 'बो' आलं आणि सर थांबले. त्यांना वाक्य कळलं होतं. मलाही. बोट 'बो'वर तसंच होतं आणि ते तक्त्याकडे बघत होते, बाईंकडे नाही.

मी घाईनं म्हणाले, "समजलं बाई. हो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या सरांकडे बघत होत्या. वाक्य अर्धवट सोडलेलं त्यांना वर्गातही कधी चाललं नव्हतं. त्यांनी डोळे वर केले. थोड्या वेळानं पुन्हा वर केले.

सरांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं. "ला," ते म्हणाले. बाई वाट बघत होत्या. "व," सर म्हणाले. "बोलाव."

मग बाईंनी डोळे मिटले.